प्रबंध द्या, कविता थांबवा, ओव्यांसाठी गावी जा

पत्र

आदरणीय मॅडम,

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात मराठी शिकवते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली. आमच्या ग्रंथालयानं नुकतीच रिपॉझिटरी, म्हणजे लेखनाचा नेटवरचा संग्रह, सुरू केली आहे आणि सगळ्या शिक्षकांना फॉर्म पाठवला आहे. आपलं संशोधन आणि सर्जनशील लेखन जमा करा, ते जगात कुणालाही मोफत वाचता येईल, असं त्यात म्हटलं आहे. माझ्याकडे काय काय आहे ते सांगते. माण-खटाव भागातल्या जात्यावरच्या ओव्यांवरचा २००६ सालचा पीएच.डी.चा प्रबंध. त्यावरून २०११ मध्ये निघालेलं पुस्तक. मराठी नियतकालिकांत आलेले नऊ लेख. २०१९ मध्ये परदेशी नियतकालिकात आलेला एक इंग्रजी लेख. दिवाळी अंकांत छापलेल्या आणि अजून न छापलेल्या कविता. एक एकांकिका. शिवाय २००२-०३ मध्ये बायकांच्या घरी बसून भरलेल्या चौदा कॅसेट. त्यातली सात नंबरची आता अडकते.

मिस्टर म्हणतात, आयुष्याची कमाई फुकटात वाटू नकोस. विभागातले एक सर म्हणतात, नेटवर गेलं की चोरी होणारच. त्यांच्या विद्यार्थ्याचा प्रबंध असाच कुणीतरी उचलला होता. त्यातच फॉर्मवर विद्यापीठाला ‘ट्रान्सलेट’ करण्याचा हक्क देत असल्याचं लिहिलं आहे. ते वाचून मी जास्तच घाबरले. सगळं द्यावं, की काहीच देऊ नये?

– एक प्राध्यापिका

उत्तर

नमस्कार मॅडम,

आधी त्या ‘ट्रान्सलेट’चं बघू, म्हणजे तुम्हाला नीट झोप लागेल. हा शब्द तुमच्या विद्यापीठानं लिहिलेला नाही. डीस्पेस नावाचं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या एमआयटीनं आणि ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनं मिळून ते २००२ मध्ये आणलं आणि आपल्याकडच्या बहुतेक रिपॉझिटरी त्यावरच चालतात. त्याच्यासोबत परवान्याचा एक तयार मसुदा येतो. ग्रंथालयं त्यात आपल्या विद्यापीठाचं नाव घालतात आणि पुढे पाठवतात. ग्रंथपाल म्हणून मीही वर्षानुवर्षं तेच केलं. मराठीत दोन ओळी समजावून सांगायला हव्या होत्या, ते कधी सुचलं नाही. त्या मसुद्यात ‘ट्रान्सलेट’चा अर्थ भाषांतर असा नाही. उद्या आजची फाइल उघडेनाशी झाली, तर आतला मजकूर न बदलता ती नव्या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवून ठेवण्याची मुभा, एवढाच तो अर्थ. तुमच्या ओव्यांचं कुणी परस्पर इंग्रजी करणार नाही.

त्याच वाक्यात दुसरा एक शब्द आहे, तो जास्त महत्त्वाचा : ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह’. म्हणजे विद्यापीठाला तुमचं लेखन ठेवण्याची आणि दाखवण्याची परवानगी मिळते, पण ती एकट्या विद्यापीठाला मिळत नाही. मालकी तुमचीच राहते. तोच मजकूर तुम्ही उद्या पुस्तकात घेऊ शकता, भाषणात वाचू शकता, प्रकाशकाला देऊ शकता. मिस्टरांना सांगा, कमाई घरातच आहे. लोकांना फक्त ती बघू द्यायची आहे. तरी सहीपूर्वी तो शब्द तुमच्या फॉर्मवर आहे ना, ते बघा. नसेल तर सही करू नका.

आता सगळं की काहीच नाही, याबद्दल. तुमच्या यादीत सात प्रकारच्या वस्तू आहेत आणि त्यांचे मालक एकसारखे नाहीत. काही पूर्ण तुमच्या आहेत, काहींवर तुम्ही कधीतरी कुणाला तरी सही करून दिली असेल, आणि एका वस्तूवर तर तुमच्याइतकाच दुसऱ्यांचा हक्क आहे. फॉर्म मात्र सगळ्यांना एकच आहे. म्हणून प्रत्येक गठ्ठा हातात घेऊन आधी एवढंच विचारायचं, की हे कुणाचं?

प्रबंध तुमचा आहे. तो द्या, आणि सर्वांत आधी द्या. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची ई-प्रत देणं सक्तीचं केलं. तेव्हापासून प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगे’वर, म्हणजे प्रबंधांच्या नेटवरच्या खुल्या साठ्यात, जाऊ लागले. तुमचा २००६ चा, म्हणजे तीन वर्षांनी हुकला. तो आज विद्यापीठाच्या प्रबंध-दालनात काळ्या किंवा मरून रेक्झिनच्या बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरं घेऊन उभा असेल. एक प्रत तिथे, एक मार्गदर्शकांकडे, एक तुमच्याकडे. एवढ्याच प्रती.

तुमच्या विभागातल्या सरांची भीती खोटी नाही, फक्त ती उलट्या बाजूला बघते आहे. चोऱ्या नेटच्या आधीही होत होत्या. आमच्या ग्रंथालयातून प्रबंध बाहेर नेता येत नसे, पण झेरॉक्सला बंदी नव्हती. पानाला पन्नास पैसे देऊन माणसं प्रकरणंच्या प्रकरणं घेऊन जात. नोंदवहीत त्यांच्या सह्या असत, पण त्या प्रकरणांचं पुढे काय झालं ते कोण तपासणार? दूरच्या विद्यापीठात तोच मजकूर दुसऱ्या नावानं सादर झाला, तर तो पकडायला परीक्षकानं तुमचा प्रबंध वाचलेला असायला हवा. कपाटातला प्रबंध म्हणजे चोरासाठी सगळ्यांत सुरक्षित माल. रिपॉझिटरीत टाकला की त्याला जमा केल्याची तारीख आणि न बदलणारा पत्ता मिळतो. शिवाय विद्यापीठांतली साम्य तपासणारी सॉफ्टवेअर नेटवरच्या खुल्या मजकुराशी ताडून बघतात. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य सोडून दिलं जातं, आणि प्रबंधात ते साठ टक्क्यांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. हे दात तुमच्या बाजूनं चावावेत असं वाटत असेल, तर तुमचा मजकूर त्या यंत्राला दिसला पाहिजे.

इथे एक मेख आहे. ती मराठीचीच आहे, इंग्रजीच्या प्राध्यापकांना ती कळणारसुद्धा नाही. २००६ साली तुमचा प्रबंध कुठल्या फॉन्टमध्ये टाइप झाला? मी पैज लावते, श्री-लिपी किंवा तसाच कुठलातरी. टायपिस्टनं सीडी दिली असेल आणि तुम्ही ती जपून ठेवली असेल. त्या फाइलवरून बनवलेली पीडीएफ डोळ्यांना सुरेख मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रद्दी असते. त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा, काय उमटतं ते. अशी पीडीएफ शोधयंत्राला सापडत नाही आणि साम्य तपासणाऱ्या यंत्रालाही सापडत नाही. म्हणजे प्रबंध खुला असूनही झाकलेलाच. मराठीतले किती प्रबंध या अवस्थेत नेटवर पडून आहेत, याचा विचार केला की मला अजून हळहळ वाटते. तेव्हा युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षरं मराठी म्हणूनच कळतात त्या पद्धतीत, बदलून घ्या. त्यासाठी फॉन्ट बदलणारी साधनं आहेत, पण ती पहिली वेलांटी आणि रफार हमखास भलत्या अक्षरावर नेऊन बसवतात, जोडाक्षरं फोडतात. निवेदनातल्या चुका कुणी विद्यार्थीही काढेल. ओव्या मात्र तुम्हीच वाचा. माणदेशी बोलीतला शब्द मोडला आहे की बाईनं तसाच म्हटला होता, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

सगळा प्रबंध बदलणं या वर्षी झेपणार नसेल, तर निदान शीर्षक, सारांश आणि शोधशब्द युनिकोडमध्ये द्या, मराठीत आणि इंग्रजीतही. शोधशब्दांत ‘लोकसाहित्य’ एवढंच टाकून मोकळ्या होऊ नका. त्या नावाखाली हजारो नोंदी निघतात. गावांची नावं, तालुके, जातं, दळणकांडण, पहाटेची ओवी, सासुरवास, भाऊबीज, पंढरीची वारी, जे जे तुमच्या ओव्यांत येतं ते घाला. माणूस शोधतो तो असल्या शब्दांनी.

आणि नाव. प्रबंध माहेरच्या नावानं आहे की सासरच्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे बायकांच्या लेखनाचे दोन तुकडे होतात ते इथेच. प्रबंधावर एक आडनाव, पुस्तकावर दोन आडनावं, इंग्रजी लेखावर फक्त आद्याक्षरं, आणि रोमन स्पेलिंग दर वेळी वेगळं. मग यंत्राच्या दृष्टीनं त्या चार वेगळ्या बायका होतात. ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, २०१२ पासून, फुकट, दहा मिनिटांत. त्यात आपली सगळी नावं नोंदवता येतात. ते काम आजच करून टाका आणि प्रत्येक फॉर्मवर तो क्रमांक घाला.

पुस्तकाचं जरा जपून. कपाटातून २०११ चा करार काढा, केलेला असेल तर. आपल्याकडे बरेच व्यवहार चहावर झालेले असतात, हे मला ठाऊक आहे. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर हक्काच्या खुणेपुढे कुणाचं नाव आहे तेही बघा. मराठी लेखकांनी त्या जागी बायकोचं नाव छापायची मोठीच परंपरा चालवली. कित्येक बायकांना आपण एका समीक्षाग्रंथाच्या मालकीण आहोत, हे शेवटपर्यंत कळलं नसेल. असो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्काचं हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचं असेल तरच ग्राह्य. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरायची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणजे नुसतं ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ छापल्यानं तुमचा हक्क गेला, असं होत नाही. करारात ‘कायमचे’ किंवा ‘संपूर्ण मुदतीसाठी’ असे शब्द असतील तर मात्र गोष्ट वेगळी. मग प्रबंध देतानाही प्रकाशकाला विचारावं लागेल, कारण मजकूर पुष्कळसा तोच असणार.

कायदा तुमच्या बाजूनं असला तरी प्रकाशकाला एक पत्र लिहाच. पहिली आवृत्ती संपली आहे का, दुसरी काढणार का, नसल्यास रिपॉझिटरीत ठेवायला हरकत नसल्याचं दोन ओळींत लिहून द्याल का. संशोधनपर पुस्तकाची आवृत्ती मराठीत काही शे प्रतींची असते आणि ती संपली की पुन्हा निघत नाही. बहुतेक प्रकाशक ‘देऊन टाका’ म्हणतील. विक्री चालू असेल तर पुस्तक राहू द्या, नुसता प्रबंध ठेवा.

नऊ मराठी लेखांवर मी रेंगाळणार आहे, कारण तुम्ही ते यादीत घाईघाईनं उरकलेत. छोट्या नियतकालिकांनी तुमच्याकडून सही घेतलेली नसणार. लेख तुमचेच आहेत. त्यातली काही नियतकालिकं बंद पडली असतील, संपादक गेले असतील, आणि अंक ज्या गावच्या वाचनालयात होते तिथे वाळवीनं किंवा पाण्यानं आपलं काम केलं असेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरलं तेव्हा हजारो पुस्तकांचा लगदा झाला. आजकाल कुणी म्हणतं की आता ‘एक देश, एक सदस्यता’ आली, केंद्रानं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी मंजूर केले, तेरा हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली, मग रिपॉझिटरी कशाला? पण ती नियतकालिकं तीस मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची आहेत. तुमचं मराठी त्रैमासिक त्यात नाही. तुमचा लेख दहिवडीच्या शाळेतल्या शिक्षिकेला हवा असेल, तर तो मिळायचं ठिकाण आज फक्त तुमचं कपाट आहे. तेव्हा नऊच्या नऊ द्या. ३०० डीपीआयला स्कॅन करा, अंकाचं नाव, महिना, वर्ष, पानं लिहा. शेजारच्या लेखाचं अर्धं पान आणि मुखपृष्ठावरचं चित्र मात्र गाळा. ते तुमचं नाही.

इंग्रजी लेखाचं सोपं आहे. प्रकाशकाची छापील, मांडणी केलेली पीडीएफ चढवू नका; ती बहुधा त्यांची असते. परीक्षकांच्या सूचनांनंतर तुम्ही जी शेवटची वर्ड फाइल पाठवलीत आणि जी स्वीकारली गेली, ती चालते. पुष्कळ परदेशी प्रकाशक ही स्वीकृत प्रत बारा ते चोवीस महिन्यांनंतर विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत ठेवू देतात. तुमच्या लेखाची ती मुदत केव्हाच उलटली असावी. नियतकालिकाचं धोरण ब्रिटनमधल्या जिस्क संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडर या संकेतस्थळावर, म्हणजे पूर्वीच्या शेर्पा रोमिओवर, बघून घ्या. वर्ड फाइल सापडत नसेल तर २०१८-१९ च्या ईमेल धुंडाळा, तिथे असणारच.

या कशालाच बढतीचे गुण नाहीत, हेही सांगून टाकते. रिपॉझिटरीत ठेवणं म्हणजे नव्यानं प्रकाशित करणं नव्हे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर तुम्हाला त्याची फिकीर नसेल, पण तुमच्या तरुण सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

आता कविता. इथे ग्रंथपाल असूनही मी हात आखडता घ्यायला सांगते. २००८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात यावरून मोठं भांडण झालं होतं. तिथला लेखनाचा अभ्यासक्रम जगप्रसिद्ध आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रबंध म्हणजे कादंबरी, कथा, कविता. विद्यापीठानं सगळेच प्रबंध नेटवर खुले करायचं ठरवलं आणि लेखक उसळले : आमची पहिली कादंबरी तुम्ही फुकट टाकलीत तर प्रकाशक ती घेईल कशाला? विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. लेखकांचं बरोबर होतं असं मला वाटतं. संशोधकाला वाचक हवा असतो, पैसे त्याला तसेही मिळत नाहीत. कवीलाही वाचकच हवा असतो, पण त्याच्यापर्यंत जायची कवीची वाट संपादकाच्या हातातून जाते. दिवाळी अंकाचा संपादक कविता मागवताना ‘अप्रकाशित’ हा शब्द घालतो, आणि रिपॉझिटरीतली कविता अप्रकाशित राहत नाही. म्हणून न छापलेल्या कविता फायलीतच राहू द्या. छापून आलेल्या द्यायच्या असतील तर द्या, अंकाच्या नावासकट. संग्रहाचं मनात असेल तर तोवर त्याही थांबवा. रिपॉझिटरीत एम्बार्गो लावायची सोय असते. म्हणजे नोंद दिसते, पण फाइल तुम्ही ठरवलेल्या तारखेपर्यंत बंद राहते.

एकांकिकेचा प्रश्न आणखी निराळा. फॉर्मच्या शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने निवडायला सांगतील. सीसी-बाय, सीसी-बाय-एनसी अशी नावं असतात. तुमच्या मराठी लेखांसाठी सीसी-बाय घ्यायला हरकत नाही : नाव द्या आणि खुशाल वापरा, असा त्याचा अर्थ. तोच परवाना एकांकिकेला लावलात, तर कुणालाही न विचारता, मानधन न देता ती रंगमंचावर आणायची परवानगी तुम्ही दिलीत. पुरुषोत्तम करंडकाच्या मोसमात कॉलेजची पोरं संहितेसाठी कशी वणवण करतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. शिवाय हा परवाना एकदा दिला की ज्यानं घेतला त्याच्याकडून परत घेता येत नाही. तेव्हा एकांकिका ठेवायचीच असेल तर सर्व हक्क राखून ठेवा आणि पहिल्या पानावर ठळक लिहा : प्रयोगासाठी लेखिकेची लेखी परवानगी आवश्यक. वाचू द्या, करताना विचारू द्या.

ग्रंथपालांनाही एक-दोन प्रश्न विचारा. संकोच करू नका, मला कुणी विचारले असते तर बरं झालं असतं. सर्व्हर कुठे आहे, दुसरी प्रत कुठे ठेवता, आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर हे कोण बघणार? विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायच्या आदल्या महिन्यात जन्मलेल्या आणि समिती गेल्यावर वीज गेल्यासारख्या गप्प झालेल्या रिपॉझिटरी मी पाहिल्या आहेत. टिकलेल्याही आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २००२ मध्ये सुरू केलेली आजही चालू आहे, पुण्यात गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं जुनी दुर्मीळ पुस्तकं अशीच खुली केली आहेत. तरी आपल्या फायलींची एक प्रत घरी, एक मुलीकडे, हे असू द्याच.

आता कॅसेट. पत्रात तुम्ही त्या सर्वांत शेवटी लिहिल्यात, मला मात्र सगळ्यांत आधी दिसल्या.

माझ्या नोकरीच्या काळातली गोष्ट सांगते, गाव आणि संस्था सांगत नाही. आमच्या एका निवृत्त सरांच्या कॅसेट आम्ही डिजिटल करून ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर लावल्या. मोठं काम केलं म्हणून आम्ही खूश होतो, पेढेही वाटले. दोनेक महिन्यांनी पंचविशीतला एक मुलगा काउंटरवर आला. भांडायला आला नव्हता. म्हणाला, “मॅडम, त्यात माझ्या आजीचा आवाज आहे. कुणाला विचारून लावलात?” आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. ओवीत तिनं थोरल्या जावेचं नाव घेऊन, तिनं आपलं स्त्रीधन कसं ठेवून घेतलं ते गायलं होतं. ती जाऊ अजून हयात, त्याच वाड्यात राहणारी. गावातल्या कुणीतरी मोबाइलवर लावून तिला ऐकवलं आणि घरात बोलणं बंद झालं. आम्ही फाइल त्याच दिवशी उतरवली. त्यानं जाता जाता विचारलं, “पण मला एक कॉपी द्याल का? घरी आजीचा आवाज नाही.” ती कॉपी त्याला कधीच मिळायला हवी होती. सरांनी कॅसेट भरून तीस वर्षं झाली होती आणि त्या घरापर्यंत कुणी परत गेलेलं नव्हतं.

पहाटे जात्यावर बाई जे गाते ते कुणाला ऐकवायला गात नाही. जातं म्हणजे तिचं कान देणारं एकुलतं माणूस. तुम्ही रेकॉर्डर घेऊन बसलात तेव्हा तिनं तुमच्यावर विश्वास टाकला. तो विश्वास तुमच्यापुरता होता, पुण्या-मुंबईत किंवा शिकागोत हेडफोन लावून बसलेल्या माणसापुरता नव्हता. २००३ साली इंटरनेट म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं नाही म्हटलं नाही. याला संमती म्हणत नाहीत. कायदाही हेच सांगतो, जरा कोरड्या भाषेत. ध्वनिमुद्रण तुम्ही केलंत म्हणून त्यावर तुमचा हक्क. पण गाणारीचा स्वतंत्र हक्क आहे, त्याच कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ चा, आणि तो सादरीकरणानंतरच्या वर्षापासून पन्नास वर्षं टिकतो. २००३ ची ओवी असेल तर २०५३ पर्यंत. परंपरेनं आलेली ओवी कुणा एकीची नसते, पण बाईनं जिथे आपल्या भावाचं, लेकीचं, गावच्या पाटलाचं नाव गुंफून कडवं रचलं, तिथे ती कवयित्रीच असते.

हे काम किती चांगलं करता येतं याचा वस्तुपाठ आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रकल्प चालवला, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आता त्या ‘परी’च्या, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या, संकेतस्थळावर येतात आणि गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव तिथे मानानं दिलेलं असतं. ‘माहितीदार क्रमांक ४’ असं नाही. तुमच्या प्रबंधाच्या परिशिष्टात बायकांची नावं कशी दिली आहेत, ते एकदा उघडून बघा.

तेव्हा रिपॉझिटरीच्या आधी गावी जा. सुगीच्या दिवसांत नको, बायांना बसायला वेळ नसतो. ज्या हयात आहेत त्यांना विचारा, ज्या नाहीत त्यांच्या लेकी-सुनांना. कागद मराठीत आणि एका पानाचा करा. त्यात तीन पर्याय ठेवा : सगळ्यांना ऐकू द्या, फक्त ग्रंथालयात येऊन ऐकू द्या, कुणालाच नको. नाव लावायचं की नाही, ते वेगळं विचारा. कुणी म्हणेल, अमुक ओवी तेवढी काढा. काढा. तिघींचा नकार आला तर त्या तीन फायलींची नुसती नोंद ठेवा, आवाज बंद. रिपॉझिटरीत तशी सोय असते. होकार आला तरी सीसी-बाय लावू नका. नाहीतर कुणीतरी त्याच्यावर ढोलकी चढवून चहाची जाहिरात करेल आणि तुम्हाला ते अडवता येणार नाही.

पण गावी जायच्या आधी कॅसेट उतरवून घ्या. सात नंबरची घरच्या प्लेअरवर पुन्हा लावून बघायचा मोह आवरा. अडकणारी टेप ओढली की जाते. टेप दुसऱ्या कवचात बदलून देणारे जुने रेकॉर्डिंगवाले अजून आहेत, त्यांच्याकडे न्या. बाकीच्यांसाठी हेड साफ केलेला चांगला डेक, आणि फाइल वेव्हमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ऐकवायला एमपी३ वेगळी करा, पण मूळ प्रत म्हणून एमपी३ ठेवू नका. बाजू बदलतानाची खुडबुड, कोंबडा, मधेच रडणारं पोर, काही कापू नका.

आणि जाताना एक छोटा स्पीकर न्या. पोहोचल्या पोहोचल्या कागद पुढे करू नका. आधी लावा. लेकीला आईचा आवाज पूर्ण ऐकू द्या, मधे बोलू नका. पेनड्राइव्हवर प्रत करून नेली असेलच, ती तिच्या हातात द्या, सही मिळो न मिळो.